आठवा गडी

कबड्डीत एका बाजूला सात गडी असतात. आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना बघायला उभे राहा, आठवा दिसेल. तो फक्कीच्या रेघेबाहेर असतो, चाळिशीचा असतो, हातात मोबाइल असतो आणि पंचाला पहिली शिवी तोच देतो. पोरं देत नाहीत. पोरं त्याचं ऐकून शिकतात आणि दोन-तीन हंगामांनी देऊ लागतात. हा आठवा गडी कुणाचा बाप असतो, कुणाचा चुलता, कुणाचा मामा. आणि बऱ्याचदा खुद्द संघाचे सर असतात. याला मैदानावरून बाहेर काढलं पाहिजे. आणि ते काम समोरच्या संघाचं नाही, पोलिसाचं नाही, एकट्या पंचाचंही नाही. त्याच्याच बाजूच्या माणसांचं आहे.

नियम नाहीत म्हणून हे चालतं असं कुणी समजू नये. निर्णयावरून पंचांशी वारंवार हुज्जत घालणं हा कबड्डीत नियमभंग आहे. बाहेरच्यांनी रेघेवर उभं राहून खेळाडूंना सूचना देणं हाही नियमभंग आहे. हिरवं, पिवळं, लाल अशी तिन्ही कार्डं पंचाजवळ असतात. पण कार्ड निघत नाही, कारण पंच म्हणून उभे असलेले गृहस्थ बहुतेक वेळा पंचक्रोशीतल्याच एखाद्या शाळेतले क्रीडाशिक्षक असतात. सामना संपल्यावर त्यांना त्याच रस्त्याने, त्याच लोकांच्या समोरून मोटरसायकलवर घरी जायचं असतं. उद्या त्यांच्या शाळेचा सामना असतो, तेव्हा याच बापाच्या गावचे सर शिट्टी घेऊन उभे असतात. म्हणून माणूस ऐकून घेतो, मान खाली घालतो, गुण लिहायला सांगतो. दोन-चार वर्षांनी तो पंचगिरीच सोडतो. मग लोक म्हणतात, हल्ली चांगले पंच मिळत नाहीत.

पावसाळ्यातला तालुक्याचा हंगाम. प्रवरेकाठची काळी माती, पहाटे सर येऊन गेलेली, वर भुसा टाकून मैदान कसंबसं खेळण्याजोगं केलेलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाही. चढाईला गेलेला पोरगा असेल बारा-तेरा वर्षांचा, गुडघ्याला रुमाल बांधलेला. बोनस रेषेपलीकडे पाय टेकला, पण मागचा पाय हवेत नव्हता, असं पंचाचं म्हणणं. गुण नाही. पोरगा मधली रेषा ओलांडून परत आला. त्याने पंचाकडे पाहिलं नाही, गुणफलकाकडे पाहिलं नाही, आपल्या गड्यांकडेही पाहिलं नाही. मान वळवून थेट बापाकडे पाहिलं. बाप तोवर फक्की तुडवत हातभर आत आला होता. "आरं टेकला ना पाय! आंधळा हाय का पंच? किती घेतले रं त्यांच्याकडून?" त्यानंतरच्या प्रत्येक चढाईला ते पोरगं परत येताना आधी बापाचं तोंड बघत राहिलं. चढाईत समोरच्या सात जणांचे हात, पाय, साखळी, कोपरा, सगळं एका दमात वाचायचं असतं. त्यातलं अर्धं ध्यान रेघेबाहेर अडकलं. लागोपाठ दोनदा पकडला गेला.

मध्यंतरात सरांनी त्याची हनुवटी चिमटीत धरून वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बांगड्या भर बांगड्या, आन् जा घरी." पाच हातांवर पुढच्या सामन्याच्या मुली बुटांच्या नाड्या आवळत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. कुणी वर पाहिलं नाही. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.

या सरांना कुणीतरी सांगायला हवं होतं की 2012 साली पाटण्यात महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला, तो भारताने जिंकला आणि त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी आपल्या महाराष्ट्राच्या होत्या. बांगड्यांचा दाखला देऊन त्यांनी एका पोराचा आणि पलीकडे बसलेल्या सबंध संघाचा एकाच दमात अपमान केला. आणि त्यातल्या अर्ध्या मुलींना घरून परवानगी काढून आणायचं काम कदाचित याच सरांनी केलं असेल. केलेलं काम असं एका वाक्यात मातीत जातं.

आता जिल्ह्याच्या गावी चला. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगरचं वाडिया पार्क, 67वी महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ घातली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालत वेळ शिल्लक असताना मैदान सोडून निघून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड दोघांवर कुस्तीगीर संघाने 3 वर्षांची बंदी घातली. त्या दिवशी वाडिया पार्कात आणि घराघरांतल्या टीव्हीसमोर किती शाळकरी पोरं बसली असतील याचा विचार करा. जिल्ह्यात महाराष्ट्र केसरी आली म्हणून तालमीतल्या पोरांना मुद्दाम घेऊन गेलेले वस्ताद मला माहीत आहेत.

निर्णयावर वाद झाला, चित्रफिती फिरल्या. निर्णय चुकलेला असू शकतो. पंच चुकतात. पण माझा राग त्यानंतरच्या आठवड्यावर आहे. चौकात, पारावर, मोबाइलवर मोठी माणसं लाथेची वकिली करत होती. एका माजी महाराष्ट्र केसरीने तर जाहीरपणे म्हटलं की लाथ कसली, पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या. ज्याच्या खांद्यावर कधीकाळी ती गदा विसावली, ज्याचं नाव घेऊन पोरं लाल मातीत उतरतात, त्याने हे बोलावं? आणि ते ऐकून आपल्यातल्या कित्येकांनी माना डोलवाव्यात? त्या आठवड्यात घरी बसलेल्या चौदा वर्षांच्या पोराला काय समजलं असेल ते वेगळं सांगायला नको. निर्णय पटला नाही की पंच हा शत्रू, आणि शत्रूला काहीही केलं तरी मोठी माणसं आपल्या बाजूने उभी राहतात.

हे कुठवर जाऊ शकतं, ते नेदरलँड्सच्या लोकांना विचारा. तो देश काही गुंडांचा नाही. 2 डिसेंबर 2012 रोजी अल्मेरे या शहरात शाळकरी वयाच्या मुलांचा फुटबॉल सामना होता. रिचर्ड न्यूवेनहाउझेन हा 41 वर्षांचा बाप हातात झेंडा घेऊन रेषापंच म्हणून उभा होता. पगारी पंच नव्हे. त्याचा मुलगा त्या संघात खेळत होता म्हणून हौसेने मदतीला आलेला. सामना संपल्यावर निर्णयांच्या रागातून पाहुण्या संघाच्या पोरांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशात हौशी फुटबॉलचे हजारो सामने रद्द झाले. जून 2013 मध्ये न्यायालयाने सहा पोरांना दोषी ठरवलं. आणि त्यांच्यासोबत पन्नाशीच्या एका माणसाला. तो एका खेळाडूचा बाप होता. पोरांना भांडणातून ओढून बाजूला करायचं ज्याचं काम, तो स्वतः त्यात उतरला होता. त्याला 6 वर्षांची शिक्षा झाली, पोरांपेक्षा कितीतरी जास्त.

बेलापूर अल्मेरेपासून लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रेघेच्या आत हातभर आलेला बाप मी वर सांगितला. अजून दोन पावलं टाकली असती तर पंचाची कॉलर त्याच्या हाताला लागत होती.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. हे बाप दुष्ट नाहीत. ज्या हरेगावच्या कारखान्याने बेलापूर कंपनीचं नाव देशभर नेलं, तो बंद पडून कित्येक वर्षं झाली. वाटण्या होता होता जमिनीचे तुकडे झाले. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीच्या मैदानावर खेळलेलं अंग उपयोगी पडतं. राज्य पातळीवरचं एक प्रमाणपत्र म्हणजे कदाचित पोराची आयुष्यभराची भाकरी. बाप हे गणित घेऊन मैदानावर येतो. त्याला बोनसचा एक गुण दिसत नाही, पोराच्या अंगावरची खाकी वर्दी दिसते. आणि ती पंच हिसकावून घेतोय असं वाटतं. ही धडपड मला समजते. या भागात राहणाऱ्या कुणालाही समजेल. पण मग त्या बापाने हेही समजून घ्यावं की रेघेवरून ओरडून आजवर कुणाच्या पोराला प्रमाणपत्र मिळालेलं नाही. घाबरलेला गडी पकडला जातो. शिवीगाळ करणाऱ्या पालकांचा संघ निवड समितीच्याही डोक्यात बसतो. म्हणजे ज्या भाकरीसाठी ओरडायचं, तीच ओरडण्याने लांब जाते.

याच गणितातून वयचोरी येते. दाखल्यावरची जन्मतारीख दोन वर्षांनी पुढे सरकते आणि सोळाचा पोरगा चौदाखाली खेळतो. समोर खरा तेरा वर्षांचा पोरगा त्याच्या अंगाखाली चिरडतो. त्याला वाटतं आपल्यात दम नाही, तो खेळ सोडतो. हे एकट्या खेड्यातलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून 11 मल्लांना निलंबित केलं. राहुल द्रविड यांनी डिसेंबर 2015 मध्ये दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. आपले आईबाप आणि प्रशिक्षक खोटा दाखला तयार करताहेत हे जो मुलगा उघड्या डोळ्यांनी बघतो, तो पुढे लबाडी शिकणार नाही कशावरून, असा त्यांचा सवाल होता. चौदाव्या वर्षी वयाची चोरी आणि पंचविसाव्या वर्षी सामन्याची सौदेबाजी यांच्यात त्यांना सरळ रस्ता दिसत होता. मला हे शब्दशः पटतं. दाखला काही पोरगा बदलत नाही. त्याच्या हातात तो अधिकारच नसतो. ही चोरी शंभर टक्के मोठ्यांची आहे, आणि पकडले गेल्यावर बंदी मात्र पोरावर येते.

सरांबद्दल अजून थोडं. किशोर गटाच्या कबड्डीत मुलांना वजनाची मर्यादा असते. वजनकाट्याच्या आदल्या दिवशी पोरांना जेवू न देणारे, पाणी तोडणारे, स्वेटर घालून उन्हात पळवणारे प्रशिक्षक आहेत. वाढीच्या वयातलं पोर उपाशी ठेवून जिंकलेल्या ढालीवर शाळेचं नाव कोरलं जातं. हरल्यावर रांगेत उभं करून मारणारे सर आहेत, आणि "मारलं तरच पोरगं घडतं" म्हणून त्यांना हात जोडणारे पालक आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. शाळेच्या गणवेशातलं पोर शाळेच्या मैदानावर उभं असेल तर हा कायदा तिथे संपत नाही.

मारण्याचं समर्थन करताना सगळे सचिन तेंडुलकरच्या आचरेकर सरांची थप्पड सांगतात. सचिन स्वतःचा सामना सोडून वानखेडेवर मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला, सरांनी गालात दिली, हातातला डबा उडाला. सचिनने स्वतःच कितीदा तरी सांगितलेली गोष्ट आहे. पण त्याच आचरेकरांची दुसरी गोष्ट या वकिलांच्या तोंडी कधी येत नाही. 1984 साली अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा मोठा भाऊ अजित शिवाजी पार्कात घेऊन गेला. सर बघताहेत म्हणून पोरगा बावरला आणि त्याला धड खेळता येईना. अजितने सरांना विनंती केली की तुम्ही निघून गेल्यासारखं करा. आणि त्या वेळी मुंबईत ज्यांचा दबदबा होता ते आचरेकर खरोखर बाजूला झाले, झाडाआड उभे राहून लांबून बघत राहिले. पोरगा मोकळा होऊन खेळला. भारतीय क्रिकेटमधली सर्वांत थोर निवड एका प्रशिक्षकाने पोराच्या नजरेआड होऊन केली. आपल्याकडच्या सरांनी थप्पड उचलली आणि झाड सोडून दिलं.

आणि पालकांसाठी तर लांब जायलाच नको. प्रवरा आपल्याकडे येते ती संगमनेर तालुक्यातल्या आश्वीवरून. आश्वी खुर्द हे अजिंक्य रहाणेचं जन्मगाव. तो वाढला डोंबिवलीत. रिक्षाला पैसे नसत, म्हणून त्याची आई एका कडेवर धाकटं पोर आणि दुसऱ्या हातात त्याची खेळाची बॅग घेऊन मैदानापर्यंत चालत जायची, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. या आईने पंचाला काय सुनावलं याच्या कहाण्या कुणी सांगत नाही. तिने बॅग उचलली. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान, ज्या गावाच्या रेल्वे स्थानकाला बेलापूरचं नाव लागलं तिथला. त्याच्या वडिलांनी त्याला इंजिनिअरिंग सोडून मुंबईला नेलं. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असं ते म्हणाले. त्या काळी श्रीरामपुरातल्या मध्यमवर्गीय घरात हे बोलायला किती छाती लागली असेल! पुढे 92 कसोटींत 311 बळी आणि 2011 चा विश्वचषक. घरचा माणूस एवढं मोठं काही देऊ शकतो. ओरडणं त्यात येत नाही.

पण रहाणेची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर 2022, कोइम्बतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. शेवटचा दिवस. पश्चिम विभागाचा यशस्वी जैस्वाल फलंदाज रवी तेजाला सारखं काहीतरी बोलत होता. पंचांनी हटकलं. कर्णधार रहाणेने समजावलं. तरी तोंड थांबेना, तेव्हा रहाणेने स्वतःच्या खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं. हा तोच जैस्वाल, ज्याने त्याच सामन्यात 265 धावा काढल्या होत्या आणि पुढे सामनावीर ठरला. काही षटकं पश्चिम विभाग दहा जणांवर खेळला. नंतर विचारल्यावर रहाणेचं उत्तर साधं होतं: प्रतिस्पर्ध्याचा, पंचांचा मान ठेवलाच पाहिजे. सामना त्यांनी 294 धावांनी जिंकला. हरले असते तरी मी हेच लिहिलं असतं.

लक्षात घ्या, पंचांनी बाहेर काढलं नाही. दक्षिणेच्या कर्णधाराने मागणी करून काढायला लावलं नाही. आपल्या माणसाला आपल्याच माणसाने काढलं, करंडक पणाला लागलेला असताना. बेलापूरच्या मैदानावर नेमकी हीच गोष्ट घडत नाही. बाप शिव्या देतो तेव्हा त्याच्या शेजारी त्याच शाळेचे वीस पालक उभे असतात. त्यांना लाज वाटत असते. चेहऱ्यावर दिसते. पण हात धरून "चल, चहा घेऊ" म्हणत त्याला लांब नेणारा कुणी निघत नाही. कारण भावकी, कारण उद्या सोसायटीची निवडणूक, कारण "आपल्याला काय करायचंय". सर पोराची हनुवटी चिमटीत धरतात तेव्हा दुसरे सर शेजारीच असतात. तेही गप्प.

आणि अन्याय झाला तर काय करायचं? हा प्रश्न विचारणारे पालक प्रामाणिक असतात, म्हणून उत्तर देतो. हेलसिंकी, 1952. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले म्हणून ते तिथवर पोचू शकले. जपानच्या शोहाची इशीईशी दमछाक करणारी लढत झाली आणि लगेचच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो बोलून दाखवायला, हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले, हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. एक माणूस, फक्त एक, नियम माहीत असलेला आणि शांतपणे बोलणारा, त्या आखाड्याशेजारी असता तर काय झालं असतं हा विचार मला सोडत नाही. हेलसिंकीत मोठ्या माणसाची गरज होती, तिथे कुणी नव्हतं. बेलापुरात चाळीस मोठी माणसं रेघेवर उभी असतात आणि बोनसला मागचा पाय हवेत लागतो हे त्यातल्या दोघांनाही ठाऊक नसतं. वर सांगितलेल्या त्या चढाईत पंच बरोबर होता. बापाला नियमच माहीत नव्हता.

म्हणून ज्याला आपल्या पोरासाठी खरंच भांडायचं आहे त्याने नियम वाचावेत. मराठीत मिळतात. हरकत संघव्यवस्थापकाने घ्यायची, लेखी द्यायची, ठरलेल्या वेळेत द्यायची. हा रस्ता कंटाळवाणा आहे, पण तोच एक रस्ता आहे जिथे चुकलेला निर्णय खरोखर बदलू शकतो.

नॉर्वेत 1987 पासून मुलांच्या खेळातल्या हक्कांची नियमावली आहे. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या तिथे लावत नाहीत, तेरा वर्षांखालच्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवत नाहीत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2008 पासून मैदानाच्या कडेला पालकांसाठी वेगळी हद्द आखायला सुरुवात केली. आपल्याला एवढी मोठी झेप नको. तालुक्याच्या स्पर्धा सुरू होण्याआधी क्रीडाशिक्षकांची बैठक होते, गट पाडले जातात, तारखा ठरतात. तिथे चार गोष्टी ठरवून टाका. कोर्टापासून तीन मीटरवर फक्कीची दुसरी रेघ. पालक तिच्या पलीकडे, मग तो सरपंच असो की वर्गणीदार. प्रत्येक शाळेने आपल्या एका पालकाचं नाव आधीच लिहून द्यायचं. आपल्या बाजूचा कुणी शिवी देईल तर त्याला बाहेर नेण्याची जबाबदारी त्या पालकाची. त्याने नेलं नाही तर पंचाने सामना थांबवायचा, आणि माणूस गेटबाहेर जाईपर्यंत शिट्टी वाजवायची नाही. पंचाच्या पाठीशी स्पर्धाप्रमुखाने प्रत्यक्ष उभं राहायचं, मंडपातल्या खुर्चीवर बसून नव्हे. आणि पोरावर हात टाकणाऱ्या किंवा त्याला उपाशी ठेवून वजन उतरवणाऱ्या सरांकडे मुख्याध्यापकांनी त्या वर्षी संघ द्यायचा नाही, ढाली कितीही आणलेल्या असोत.

यातलं एकही काम पैशाचं नाही. फक्कीची एक गोणी जास्त लागेल. मैदानावर उभ्या असलेल्या वीस लाजलेल्या पालकांपैकी एकाने यंदा आपलं नाव शाळेत नेऊन द्यावं. बैठकीची वाट बघायचीही गरज नाही; मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहिला तरी पुरतो.